कारणे सांगू नयेत

मारोती सोनकांबळे सकाळी चहाला दूध तापवायचा, तेव्हा दुधावरही संशय घ्यायचा. दूधवाल्यानं पाणी किती घातलं हे उकळीवरून कळतं, असं त्याचं म्हणणं. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अठरा डेपोत कंट्रोलर म्हणून. कोणत्या ड्रायव्हरनं कोणती गाडी घ्यायची, सोबत कंडक्टर कोण, रूट कुठला, हा चार्ट रोज त्याच्या हातानं लागायचा. आणि चार्ट लागला की खिडकीपुढं रांग. कुणाचं पोट दुखायचं, कुणाची म्हैस व्यायला टेकलेली असायची. एका कंडक्टरची सासू तर चार वर्षांत तीनदा वारली! अठरा वर्षं रोज सकाळी एवढं खोटं ऐकल्यावर माणूस दुसरं काय होणार?

तर मारोती असा झाला. अर्ज आला की तो वाचायचाच नाही. वर लाल पेनानं तीन शब्द ठोकायचा : कारणे सांगू नयेत. खाली सही. डेपोतली पोरं त्याच्या पाठीमागं त्याला 'कारणे साहेब' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही.

त्याच्या नोकरीतला सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे शिवमूर्ती ड्रायव्हर. या शिवमूर्तीच्या फेरीनंतर मोजलं की टाकीत डिझेल कमी निघायचं. एकदा नाही, अकरा वेळा. मारोतीनं चार्टाच्या वह्या काढल्या, अकराच्या अकरा तारखांना शिवमूर्तीच्या नावाला लाल गोल मारला आणि वही वर पाठवून दिली. शिवमूर्ती तीन वर्षं निलंबित राहिला, मग नोकरीच गेली. "चोर पकडायला काठी लागत न्हाई, चार्ट लागतो," हे वाक्य मारोतीनं येळसांगवीच्या पारावर किमान पन्नास वेळा तरी ऐकवलं असेल.

येळसांगवी म्हणजे चाकूर तालुक्यातलं त्याचं गाव. रिटायर झाला आणि बायकोला, सुमनबाईला घेऊन गावी आला. पोरगा आनंदराज नांदेडला बँकेत. इथं दोन एकर रान, पत्र्याचं घर, आणि लोखंडी ट्रंकेत जपून ठेवलेल्या चार्टाच्या वह्यांच्या नकला. सुमनबाई म्हणायची, "लोकं लग्नाचे फोटो जपतेत, आमच्या घरी ड्युट्या."

मागल्या वर्षी गावात दोन बनीम जळाल्या. सोयाबीन कापून, रचून ठेवलं की त्या ढिगाला आपल्याकडं बनीम म्हणतात. मळणीपर्यंत वर्षाचं सगळं त्यातच असतं. बंब लांबून यायचा, तोवर राख. मग ग्रामसभेत ठरलं की गावाचं आपलं आग विझवायचं दल काढायचं. पंचायतीचा पाण्याचा टँकर होता, डिझेलचा पंप आणला, पाईप आणला, बारा जण तयार झाले. बारा जण तयार झाले म्हणजे बाराही जण एकाच दिवशी हजर आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, हे आपलं नेहमीचं. तेव्हा गावातले मोठे शेतकरी अण्णाराव उठून म्हणाले, "पाळ्या लावायचं काम कंट्रोलरला द्या. त्या माणसाच्या हातून कुणी सुटत न्हाई."

कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "त्यांच्या हातून म्होरला जन्म बी सुटायचा न्हाई." मारोतीनं ते ऐकलं, कोण बोललं ते मनात टिपून ठेवलं आणि कामाला लागला.

सहा-सहाच्या दोन तुकड्या. सोमवारी सकाळी आठला पाळी बदलणार. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी. पाळी असलेल्यानं शिवार सोडून जायचं नाही. सोमवारी चार्ज द्यायचा-घ्यायचा : पंपात काडी बुडवून डिझेल मोजायचं, पाईप उलगडून बघायचा, किल्ली हातात द्यायची आणि रजिस्टरवर दोघांनी सही करायची. रजिस्टर मारोतीच्या घरी. आणि माणसं वाटताना त्यानं डेपोतलं आपलं खास कलम लावलं. दोस्त-दोस्त एका तुकडीत नकोत. दोस्त मिळून झोपतात. एकमेकांचं तोंड न बघणारे एकत्र टाकले, तर दोघंही जागे राहतात. म्हणून पहिल्या तुकडीत त्यानं अण्णारावांचा पोरगा आदिनाथ टाकला आणि त्याच्या सोबतीला त्याचा चुलतभाऊ अमरनाथ. बांधावरून या दोघांचं चार वर्षं बोलणं बंद होतं.

आदिनाथ चोवीसचा. फायरमनच्या भरतीसाठी लातूरच्या महानगरपालिकेत अर्ज केलेला. लेखी निघाली, मैदानी निघाली, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिलेली. तालमीची सवय लागलेली, म्हणून अजूनही रोज शिवाराच्या रस्त्यानं पळायचा. पंपाचं त्याला भारी वेड. पंप हवा धरून बसला की कुठला नट किती सैल करायचा हे त्याला एकट्यालाच जमायचं.

पाळ्या सुरू झाल्या आणि दसऱ्याच्या आधी, भर दुपारी, चतुराबाईची बनीम पेटली. पाळी पहिल्या तुकडीची. सगळ्यांच्या आधी पोचला आदिनाथ. अर्धी बनीम वाचली. चतुराबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, गावानं पाठ थोपटली. मारोतीनं मात्र संध्याकाळी रजिस्टर उघडलं तर शेऱ्याच्या रकान्यात आदिनाथनं लिहिलेलं : 'चतुराबाईच्या रानावरच्या तारा लई लोंबल्यात. वारा सुटला की एकमेकीला लागतात. लाईनमनला कळवावे.'

मारोतीच्या मनात पाल चुकचुकली. अरे, तुला विचारलं कुणी? आग कशानं लागली हे अजून कुणी विचारलेलंही नाही, आणि हा आधीच सांगून मोकळा! त्यानं सवयीनं लाल पेन काढलं. कारणे सांगू नयेत. सही.

दोन आठवड्यांनी उसाचा फड कडेनं पेटला. दुपारीच. पाळी पहिल्या तुकडीची. पहिला पोचला आदिनाथ.

आणखी दोन आठवड्यांनी तिसरी आग. दुपार, पहिली तुकडी, आदिनाथ. दुसऱ्या तुकडीच्या आठवड्यात काडी पेटली म्हणाल तर चुलीत तेवढी.

आता तुम्हीच सांगा, मारोतीसारख्या माणसाला झोप कशी यावी? तो ताटावर बसला की घास हातात राहायचा. पोरगा पायात बूट का घालतो? पळायला सोपं जावं म्हणून. शिवारात रोज का फिरतो? कुठली बनीम कुठं आहे बघायला. भरतीत अनुभव दाखवायचा असेल. पेपरात फोटो पाहिजे असेल. पारावर आदिनाथ दिसला की हा चष्म्याच्या वरून बघायचा. आदिनाथ आपला साधा, "काका, चहा घेता का?" म्हणायचा. त्यावरही मारोती मनात म्हणायचा, एवढा गोड का बोलतो?

त्यात तेल ओतायला अमरनाथ आला. ओट्यावर बसला, इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "कंट्रोलर, मी कुणाचं नाव घेत न्हाई. पण त्या दिशी आग लागायच्या आधीच हे बेणं त्याच वाटंनं पळून राहिलं व्हतं. मी डोळ्यानं बघितलं."

"लिहून देशील?"

"कशाला मला मधी घेता? तुमच्याकडं चार्ट हाय की."

हो, चार्ट होता! मारोतीनं त्या रात्री आदिनाथच्या नावाला तीन लाल गोल मारले. सुमनबाईनं वाकून बघितलं.

"काय करून राहिले?"

"चोर धरून राहिलो."

"पोराची नोकरी लागायलीय म्हनं. डोकं थंड ठिऊन बघा."

"नोकरी लागायलीय म्हणूनच," मारोती म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तालुक्याला गेला. ठाण्यातल्या जमादारापुढं त्यानं वही उघडली. जमादाराला चार्ट फार पटला. असा तयार पुरावा रोज कोण आणून देतो? आणि आदिनाथच्या पडताळणीचा कागद त्याच टेबलावर, दुसऱ्या फाईलखाली पडलेला होता. तो त्यानं उचलून बाजूला ठेवला.

महिना गेला, डिसेंबर उजाडला. पहिल्या तुकडीच्या आठवड्यात आदिनाथला ठाण्यात बोलावणं आलं. सकाळी नेलं ते दुपार झाली तरी बाकावर बसवून ठेवलेलं. अण्णाराव दाराबाहेर उभे, डोक्यावरचा रुमाल हातात. गावात सगळ्यांना कळलं. कुणाच्या वहीमुळं झालं तेही कळलं.

आणि त्याच दुपारी महादेवीची तुरीची बनीम पेटली.

महादेवी एकटी बाई, नवरा नाही, लेकी दिल्याघरी. तुकडी धावली. टँकर आला, पाईप उलगडला आणि पंपानं हवा धरली. अमरनाथ दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. कुणी म्हणे हा नट, कुणी म्हणे तो. मारोती स्वतः तिथं उभा होता, रजिस्टर काखेत. पंप शेवटपर्यंत चालू झाला नाही. महादेवी रडलीही नाही. बांधावर बसून तिनं बघितलं फक्त. ढिगाऱ्यातून धूर यायचा थांबला तेव्हा उठली, आणि मारोतीजवळून जाताना म्हणाली, "त्या पोराला तिथं बसवलं नसतं तर ह्ये विझलं असतं, कंट्रोलर."

घरी येऊन मारोती भिंतीला टेकून बसला. पाण्याचा तांब्या तसाच पुढं. मग म्हणाला, "आदिनाथ ठाण्यात असताना लागली. म्हंजी साथीदार असंल त्याचा."

सुमनबाईनं हातातली भाकरी परातीत आपटली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण असं आपटणं मारोतीनं कधी ऐकलं नव्हतं.

"साथीदार! मी बी हाय का त्यात? सांगा की! चतुराबाईची बनीम जळाली तवा मी रानात मोटरीवर गोधड्या धुऊ लागले होते. दसऱ्याच्या गोधड्या. फड पेटला तवा मी मोटरीवर. तिसऱ्या बारीला तूर-हरभऱ्याला पाणी द्यायलते, तवा बी मोटरीवर. आन आज बी! घाला मला लाल गोल!"

मारोती ओरडणार होता, पण तोंड उघडलेलं तसंच राहिलं. "तू दुपारी मोटरीवर... दर बारीला?"

"दुपारीच की. लाईन दिवसाची असती त्या हप्त्यात दुसरं कधी जाऊ? म्होरच्या हप्त्यात लाईन रातची, मग तवा कोण गोधड्या धुतंय?"

शेतीची लाईन, म्हणजे मोटरींची वीज. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बदलते सोमवारी. आणि त्याच्या पाळ्याही बदलतात सोमवारी. त्यानं कॅलेंडर ओढून काढलं. जिथं जिथं पहिली तुकडी, तिथं तिथं दिवसाची लाईन. एकही आठवडा चुकलेला नाही. दिवसाची लाईन आली की साऱ्या शिवाराच्या मोटरी एकदम चालू, दुपारी वारा सुटलेला, वाळलेल्या बनीम तारांखाली. रात्रीच्या आठवड्यात वारा पडलेला आणि दव पडून सगळं ओलं; ठिणगी पडली तरी जागच्या जागी मरणार. आदिनाथच्या आठवड्यात आग लागत नव्हती. आगीच्या आठवड्यात आदिनाथ होता. त्याला तिथं बसवला कुणी? मारोतीनंच, स्वतःच्या हातानं, पहिल्याच सोमवारी.

"अगं माय," तो एवढंच म्हणाला.

उजाडल्या-उजाडल्या तो महादेवीच्या रानात गेला. राख चिवडली. तारांखाली बरोबर ओळीनं ज्वारीच्या दाण्याएवढे, तार वितळून पडलेले चकचकीत मणी सापडले. वर बघितलं तर तारांना काळे डाग. चतुराबाईच्या रानातही तेच. घरी येऊन रजिस्टर उघडलं. 'तारा लई लोंबल्यात. वारा सुटला की एकमेकीला लागतात.' आणि वर लाल अक्षरात त्याचा स्वतःचा शेरा. लाज कशी असते, ते मारोतीला एकसष्टाव्या वर्षी त्या पानावर कळलं.

तो त्याच सकाळी ठाण्यात गेला. जमादार म्हणाला, "पोराला रात्रीच सोडलं, पण आता डायरीत नाव गेलं हो. तुम्हीच आणून दिलं होतं की." मारोती म्हणाला, "मग आता माझं नाव घाला. खोटी माहिती दिली म्हणून." आदिनाथच्या पडताळणीचं पत्र भरतीच्या ऑफिसात पोचायला आठच दिवस उरले होते. त्या आठ दिवसांत मारोती सहा वेळा तालुक्याला गेला. मणी पुडीत, कॅलेंडर पिशवीत. तारा ओढून घ्याव्यात म्हणून गावाच्या सह्यांचा अर्ज केला. त्यावर पहिला अंगठा महादेवीचा आणि दुसरी सही अमरनाथची. अमरनाथनं सही करताना मान वर केली नाही. लाईनची माणसं आली, त्यांनी बघितलं, तारा ताणून घेतल्या. सातव्या दिवशी जमादारानं आदिनाथचा कागद साफ करून दिला.

आठव्या दिवशी आदिनाथ तो कागद घेऊन लातूरला निघाला, तेव्हा मारोती फाट्यापर्यंत त्याच्यासोबत चालत गेला. एसटी लांबून दिसली तेव्हा आदिनाथ म्हणाला, "काका, एक विचारू? माझ्याकडं गाव हुतं. बाप दाराबाहीर हुबा हुता. सुमनकाकू हुत्या. म्हणून सुटलो. डेपोत ज्येंच्या नावाला तुमी असे लाल गोल मारले, त्येंच्याकडं कोण हुतं?"

गाडी आली, पोरगा चढला. वाकून पाया पडला नाही, हातही हलवला नाही. मारोती फाट्यावरच उभा राहिला.

घरी येऊन त्यानं लोखंडी ट्रंक उघडली. शिवमूर्तीच्या वर्षाची वही काढली. अकरा लाल गोल होते. या वेळी त्यानं नावाच्या रकान्याकडं बघितलं नाही, शेजारच्या रकान्याकडं बघितलं. गाडी क्रमांक. पहिल्या गोलाशेजारी ५३२७. दुसऱ्याशेजारी ५३२७. अकराव्यापर्यंत ५३२७. आणि शिवमूर्तीला दुसरी गाडी लागली होती त्या दिवशी डिझेल कधीच कमी नव्हतं. ती गाडी त्याला कुणाच्या हातानं लागलेली? शिवमूर्ती तोंड वर करून बोलायचा, म्हणून डेपोतली सगळ्यात भंगार गाडी त्याच्या नावाला लावायची, ही मारोतीचीच पद्धत. शिवमूर्ती निलंबित झाला त्याच महिन्यात ५३२७ भंगारात निघाली. दुसऱ्या कुणी ती चालवून बघितलीच नाही.

सुमनबाईनं ताट वाढलं होतं. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली आणि देवणीची गाडी धरली.

देवणीत शिवमूर्तीचं रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. केस पांढरे झालेले, पण मारोतीनं लांबूनच ओळखलं. शिवमूर्तीनंही ओळखलं. ट्यूब पाण्यात दाबून धरलेली होती, ती सोडली नाही. आत बघून बायकोला म्हणाला, "गंगम्मा, कारणे साहेब आलेत. पाणी दे."

गंगम्मानं पाणी आणून फळीवर ठेवलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. नजर मारोतीच्या पिशवीवर. आता काय घेऊन आला हा, असं सरळ तोंडावर लिहिलेलं. आयुष्यभर मारोतीनं लोकांकडं असंच बघितलं होतं. आपल्याकडं कुणी असं बघितलं तर कसं वाटतं, हे आज कळत होतं.

त्यानं वही काढली, पान उघडलं, गाडीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "शिवमूर्ती, गाडी गळत होती. टाकी गळत होती. मला... मला आता कळलं."

शिवमूर्तीनं वहीकडं बघितलंही नाही. ट्यूबमधून निघणारे बुडबुडे बघत राहिला. मग हात पुसले, आत गेला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात घडी घातलेले दोन कागद. घड्या एवढ्या वेळा उलगडलेल्या की मधे फाटत आलेल्या.

"मला तवाच कळलं हुतं, साहेब. तुमाला बी कळवलं हुतं. दोनदा. वाचा. वरचं अक्षर तुमचंच हाय."

मारोतीनं वाचलं. 'गाडी क्र. ५३२७ ची डिझेल टाकी तळाला झिरपते. तपासून मिळावी.' दोन्ही कागदांवर तेच. आणि दोन्ही कागदांवर, वर, लाल पेनानं, झोकदार वळणाचे तेच तीन शब्द. त्याला वाटायचं त्यापेक्षा किती लहान.

"बोला की," गंगम्मा उंबऱ्यातून म्हणाली. "का न्हाई वाचलंत?"

रोज चाळीस अर्ज यायचे. वरून दट्ट्या होता. सगळेच खोटं बोलायचे, कुणाकुणाचं वाचणार? मारोतीच्या तोंडाशी हे सगळं आलं होतं. त्यानं हातातला कागद पुन्हा एकदा बघितला, चष्मा काढला, आणि त्यातलं एकही कारण सांगितलं नाही.